चार गोण्या काळी माती

आमच्या क्लबाच्या मैदानावर गवताचं एक पातं नव्हतं. सगळा मुरूम. पावसाळ्यात वाहून जाणारा, उन्हाळ्यात डोळ्यांत जाणारा, लाल आणि टोकदार. त्यावर गोली अंग टाकतो म्हणजे काय होतं, हे टीव्हीवर हिरव्यागार मैदानाचा फुटबॉल बघणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. रविवारी कमरेची कातडी जायची, बुधवारपर्यंत खपली धरायची, पुढच्या रविवारी पुन्हा जायची. माझ्या डाव्या कमरेवर अजून तळहाताएवढा डाग आहे. बायकोनं विचारलं तर सांगतो, ही माझी नगरची पदवी.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच माणसाच्या कमरेबद्दल, आणि त्याच्या गुडघ्याबद्दल. बारा वर्षं मी हे कुणाजवळ बोललो नाही. ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं तो माणूस मागच्या थंडीत गेला. आता लिहून काय उपयोग, असं वाटतंच. तरी लिहितो.

मी कोल्हारचा. घरची शेती, प्रवरेच्या पाण्यावरची. ऊस, गुरांसाठी घास, थोडा कांदा. आमच्याकडची पोरं कबड्डी खेळायची नाहीतर क्रिकेट. मला फुटबॉल लागला तो शाळेतल्या एका सरांमुळे आणि गोली झालो तो उंचीमुळे. अठराव्या वर्षी एका स्पर्धेत नगरच्या मोठ्या क्लबाच्या सेक्रेटरींनी मला पाहिलं आणि सरळ वडिलांना फोन लावला. मोठा क्लब म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या मानानं मोठा. स्वतःचं मैदान, कपाटभर ढाली, आणि टीममध्ये यायला शहरातली पोरं दोन-दोन वर्षं बाहेर बसलेली. वडील म्हणाले, "चेंडू धरून पोट भरतं व्हय रं?" आई म्हणाली, "जाऊ द्या की. इथं राहून तरी काय दिवे लावतोय?" झालं, माझी पिशवी भरली.

क्लबाची एक रीत होती. बाहेरगावचा नवा खेळाडू आला की त्याच्याच जागी खेळणाऱ्या जुन्या खेळाडूच्या घरी त्याची सोय करायची. बॅकवाला बॅकवाल्याकडं, गोली गोलीकडं. म्हणजे जो माणूस तुमची जागा धरून बसलाय, त्याच्याच घरी जेवायचं, त्याच्याच शेजारी झोपायचं. ही रीत कुणी काढली देव जाणे, पण त्यामुळं आमच्या क्लबात जागेवरून भांडणं फार कमी झाली. ज्याच्या हातची भाकरी खाल्ली त्याचं वाईट चिंतायला मन धजत नाही.

माझी सोय दादांकडं झाली. क्लबात सगळे त्यांना दादाच म्हणायचे. वय छत्तीस. नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला, आठ तास उभं राहून पत्रा दाबायचं काम. सतरा वर्षं क्लबाचे एक नंबरचे गोली. ख्रिस्ती घर, दोन खोल्या, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला लटकवलेले ग्लोव्हज. मूलबाळ नव्हतं. वहिनी बालवाडीत शिकवायच्या. मी चपला हातात घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा दादांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, आलं बघ माझं मरण! लई उंच हाय. भाकरी जास्त टाक."

मला वाटलं, माणूस खरंच चिडला. मी चपला पुन्हा पायांत घालायला लागलो. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "त्यांचं काही मनावर घेऊ नको रे. सकाळपासून चार वेळा दारात जाऊन आलेत, आला का, आला का करत."

क्लबात रुळायला मला वर्ष जवळजवळ पुरं लागलं. शहरातली पोरं बोलण्यात चलाख. मी "आमी", "हुतं" म्हटलं की खो-खो हसायची. माझं नाव त्यांनी "ऊस" पाडलं. चेंडू सुटला की कुणीतरी ओरडायचंच, "ऊस वाकला रे!" आणि गोलीचं अर्धं काम तोंडाचं असतं. बॅकला हाका मारायच्या, डावीकडचा माणूस मोकळा आहे, मागं या, चेंडू सोडा. माझा आवाज फुटायचा नाही. दादा मोटरसायकलवर घरी नेताना सांगायचे, "हितं ओरड. गाडीवर कोण ऐकतंय? ओरड!" मग मी मनमाड रोडवर त्यांच्या मागं बसून, ट्रक शेजारून जात असताना, "माझा चेंडू! माझा!" असं बोंबलायचो आणि दादा हँडल हलेपर्यंत हसायचे. अशानं आवाज फुटला माझा. आज संगमनेरला कॉलेजच्या पोरांना खेळ शिकवतो, तो आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत जातो. तो त्यांनीच दिलेला आहे.

दर शनिवारी संध्याकाळी दादांचं एक काम ठरलेलं असायचं. गोलपोस्टापुढच्या सहा-सात पावलांच्या तुकड्याला ते अंगण म्हणायचे. कुदळीनं ते अंगण वरवर उकरायचं, मुरूम चाळायचा, टोकदार खडे वेचून बादलीत टाकायचे, बारीक मुरूम परत पसरून पाणी मारायचं आणि फळीनं दाबायचं. दोन्ही पोस्टांपुढं. "समोरचा गोली बी माणूसच हाय," म्हणायचे. खडे पोस्टामागं ओतायचे. सतरा वर्षांचा तो ढीग माझ्या गुडघ्याला लागायचा. मी शेतकऱ्याचा पोरगा, कुदळ माझ्या हातात शोभायची. दादा खडे वेचताना म्हणायचे, "तुला गोल अडवता येत न्हाई अजून, पण अंगण झकास करतोस."

त्या मोसमाच्या सुरुवातीलाच दादांनी सांगून टाकलं होतं, हा शेवटचा. आमच्याकडं गोली थांबतो तो फायनलच्या मैदानावर. सामना संपला की पोस्टात उभं राहून आपले ग्लोव्हज नव्या गोलीच्या हातात चढवायचे आणि चालत बाहेर यायचं. सगळी टीम दोन्ही बाजूंना उभी. दादांना त्यांच्या आधीच्या गोलीनं असेच ग्लोव्हज दिले होते. "मला एवढंच पाहिजे," ते वहिनींना म्हणाले होते, मी ऐकलं होतं. "सामना पुरा खेळायचा, तुझ्या पाव्हण्याला ग्लोव्हज घालायचे आणि आपल्या पायानं बाहेर यायचं." कपाची त्यांना फिकीर नव्हती. कप त्यांनी ढिगानं पाहिले होते.

पण त्या वर्षी त्यांच्या कमरेची जखम भरेना. एका रविवारी घरी आल्यावर जर्सी कातडीला चिकटलेली. वहिनी कोमट पाण्याचा बोळा लावून सुतासुतानं ती सोडवत होत्या आणि दादा दातांत टॉवेल धरून पालथे पडलेले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. मी दारात उभा. माझा जीव तुटला. फायनलला दोन आठवडे राहिले होते आणि हा माणूस पुन्हा त्याच मुरमावर पडणार होता.

आणि मला अक्कल सुचली.

आमच्या रानात माती कशी, हात घातला तर मनगटापर्यंत जाईल. लहानपणी आम्ही नांगरलेल्या रानात बांधावरून उड्या मारायचो, कुठं खरचटायचं नाही. मी मामाला फोन केला. मामाचा टेम्पो फायनलच्या आधीच्या शुक्रवारी कांदा घेऊन नगरला येणार होता. म्हटलं, चार गोण्या काळी माती टाका त्यात, चांगली, मळ्यातली. मामा म्हणाला, "नगरात पेरणी करतो का काय रं?"

दादांना त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. पहिल्यांदाच त्यांनी मला सांगितलं, "या शनिवारी अंगण तू कर. एकटा. तुझ्यावर सोडलं." मी एकटाच गेलो. दोन्ही पोस्टांपुढं वीतभर उकरलं, दोन-दोन गोण्या माती टाकली, ढेकळं हातानं फोडली, आणि वरून बोटभर चाळलेला मुरूम पसरला, म्हणजे बघणाऱ्याला काही कळू नये. सांगायचं ते सामना झाल्यावर सांगणार होतो. दादा, कंबर दुखली का? न्हाई ना? कशी दुखेल! असं सगळं मनात ठरवलं होतं. फळीनं दाबताना मी गाणं गुणगुणत होतो, मला आठवतंय.

फायनलच्या रविवारी चर्चहून दादा-वहिनी परस्पर मैदानावर आले. धूळ बसावी म्हणून सामन्याआधी टँकरनं पाणी मारतात, ते त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून जरा सढळ मारलं होतं. मुरूम पाणी पिऊन मोकळा होतो. काळी माती पाणी धरून बसते. हे मला ठाऊक नव्हतं का? मला! ज्याचं सगळं बालपण चिखलातून पाय उपसत गेलं, त्या गाढवाला! पण त्या दुपारी माझ्या डोक्यात फक्त दादांची कंबर होती.

पहिल्या अर्ध्यात सगळं छान झालं. दादा दोनदा उजवीकडं पडले. दुसऱ्यांदा पडले आणि तसेच पडून राहिले, जमिनीवर हात फिरवला, माझ्याकडं बघून हसले. मध्यंतरात पाणी पिताना म्हणाले, "काय केलंस रं? पार गादी केलीस अंगणाची."

"जास्त चाळलं," मी म्हणालो.

ते माझं पहिलं खोटं. कौतुकानं बोललेलं. अर्ध्या तासात ते माझ्या गळ्यात अडकणार होतं.

दुसऱ्या अर्ध्यात ते समोरच्या पोस्टात गेले. टँकर तिथंच उभा करून ठेवला होता, पाणी तिथं जास्त गळालं होतं. शेवटची वीस मिनिटं राहिली असतील. चेंडू डावीकडून आला, दादा तिकडं वळले. अंग वळलं. पाय वळला नाही. बुटाचे स्टड चिखलात रुतून बसले होते आणि पाय जिथल्या तिथं राहिला. आवाज मला बाकावर ऐकू आला. ओला बांबू पिळल्यावर येतो तसा. मग दादांचा आवाज आला, आणि तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वहिनी कठड्यावरून "देवा, देवा" करत मैदानात धावल्या.

त्यांना चौघांनी उचलून रिक्षात घातलं. सेक्रेटरी माझ्यावर ओरडले, "बघतोस काय? ग्लोव्हज घाल!" रिक्षात चढवताना कुणीतरी दादांच्या हातांतले ग्लोव्हज ओढून काढले आणि माझ्याकडं फेकले. मला मिळाले ते असे. जमिनीवरून उचलून.

मी पोस्टात उभा राहिलो. आणि ऐका, मी नामी खेळलो. त्या मैदानावर मी एकटाच असा होतो की ज्याला खाली काय आहे ते माहीत होतं आणि त्यात पाय कसा टाकायचा, कसा उपसायचा हेही माहीत होतं. तीन चेंडू अडवले. कप आमचा झाला. ज्यांनी मला ऊस म्हटलं त्यांनीच मला खांद्यावर घेऊन नाचवलं. मी वरून फक्त रस्ता बघत होतो, रिक्षा गेली तो.

दवाखान्यात जाऊन सांगायचं, असं ठरवूनच गेलो होतो. देवाशपथ. दादांचा पाय फळीला बांधलेला. शेजारी सेक्रेटरी टँकरवाल्याच्या नावानं शंख करत होते. पाणी जास्त मारलं, त्याला उद्यापासून बंद करतो, वगैरे. दादा म्हणाले, "त्या गरिबाला कशाला बोलता? माझाच पाय वाकडा पडला." मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर थाप मारली, "हा बघा तुमचा चेला. पुढच्या मोसमापासून हाच एक नंबर." आणि मी तोंड मिटलं. मिटलं म्हणजे मिटलंच. सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी माझी पिशवी दारात ठेवली असती, आणि कोल्हारला वडिलांसमोर काय तोंड घेऊन जाणार होतो? मला ती जागा पाहिजे होती. दुसरं कारण काही नाही. त्याला भीती म्हणा, हावरेपणा म्हणा, मला दोन्ही शब्द चालतील.

सोमवारी उजाडताच जाऊन मी ती सगळी माती उकरून काढली, नाल्यात टाकली आणि मुरूम भरून फळी मारली.

दादांचं ऑपरेशन झालं, पण गुडघा कायमचा आखडला. प्रेसवर आठ तास उभं राहणं संपलं. कंपनीनं गेटवर खुर्ची दिली, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहायला. "बसून पगार मिळतो, आणखी काय पाहिजे?" असं लोकांना सांगायचे. मैदानावर ते पुन्हा आले नाहीत. आणि मी? मी आणखी दीड वर्ष त्यांच्याच घरात राहिलो. त्यांच्या शेजारी झोपलो. वहिनींनी वाढलेलं जेवलो. घास घशाखाली कसा उतरला, आज मलाच नवल वाटतं.

पाच मोसम मी क्लबाचा गोली होतो. मग संगमनेरला नोकरी लागली, लग्न झालं. नाताळात आणि दिवाळीत मी न चुकता दादांकडं जायचो. दर वेळी तेच व्हायचं. मी बसलो की दादा वहिनींना म्हणायचे, "जा, चहा टाक. आलं ठेचून घाल, सावकाश होऊ दे." वहिनी आत गेल्या की पाय लांब करून गुडघा चोळायचे आणि विचारायचे, "मग? गावाकडची माती काय म्हणती यंदा?" मी ऊस, पाऊस, कांद्याचं सांगत बसायचो. ते ऐकायचे. मग गप्प व्हायचे. मीही गप्प. मला वाटायचं, बसून-बसून माणूस अबोल झालाय. चहा यायचा, बोलणं दुसरीकडं जायचं.

मागच्या थंडीत दादा गेटवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या हार्टनं गेले. मी एसटीनं निघालो. गाडीवर अहिल्यानगर लिहिलेलं. कंडक्टरला नगरच म्हणालो. दफनाला जुनी टीम सगळी होती. दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि मधून दादांना नेलं. मी खांदा दिला. मनात म्हणालो, सांगायचं राहिलं. आता कुणालाच सांगायला नको. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला थोडं हलकंही वाटलं.

महिन्यानं वहिनींचा फोन आला, "येऊन जा रे." गेलो. भिंतीवर खिळा तसाच. वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि एक जुनी कापडी पिशवी माझ्यापुढं ठेवली. आत दादांचे बूट होते, त्या दिवसाचे. दादा सामन्याहून आले की हात-पाय धुवायच्या आधी जुन्या ब्रशनं बूट घासायचे. सतरा वर्षांत एकदा चुकलं नसेल. हे बूट घासलेले नव्हते. मी एक उलटा केला. स्टडांच्या मधे काळी माती वाळून दगड झाली होती. आमच्या मळ्यातली.

"दवाखान्यात पायातून काढले ना," वहिनी म्हणाल्या, "तेव्हाच त्यांनी बघितलं. मला म्हणाले, हे पिशवीत घाल आणि घरी नेऊन ठेव. क्लबातल्या कुणाच्या नजरेला पडायला नको. पोराची जागा जाईल."

मी बूट पिशवीवर ठेवला.

"त्यांना राग नव्हता रे. माझ्या कमरेसाठी केलं त्यानं, म्हणायचे. फक्त तू एकदा बोलावंस, असं लई वाटायचं त्यांना. तू येणार असलास की सकाळपासून दारात चार फेऱ्या. तू आलास की मला चहाच्या नावानं आत पाठवायचे. मी भिंतीआड उभी राहायची, मुद्दाम वेळ लावायची. तू गेलास की म्हणायचे, आज न्हाई बोलला. नाताळात बोलेल."

मी ढसाढसा रडलो. त्यांनी रडू दिलं. मग कप माझ्याकडं सरकवला.

"आता मला सांग," म्हणाल्या. "मी ऐकते."

मी सांगितलं. मामाचा टेम्पो, चार गोण्या, वर पसरलेला मुरूम, मध्यंतरातलं खोटं, दवाखान्यात मिटलेलं तोंड, सगळं. सांगून झाल्यावर कप उचलला. चहा अजून गरम होता.